अँग्लिकन मंडळ्यांची एकी आणि आपण: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

घरात लग्न ठरलं, बाळाचा बाप्तिस्मा निघाला किंवा वर्तमानपत्रात ‘अँग्लिकन फुटले’ अशी बातमी झळकली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून तेच ते प्रश्न येतात. ते इथे एका जागी आणले आहेत. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत, फक्त नावं आणि गावाच्या खुणा काढल्या आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगत बसलेलो नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अँग्लिकन म्हणजे नेमकं कोण? आमच्याकडे असं नाव कुणी लावतच नाही.

इंग्लंडच्या मंडळीतून ज्या मंडळ्या वाढल्या आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांशी ज्यांचं सहभागितेचं (एकमेकांचं प्रभुभोजन आणि पाळक मान्य करण्याचं) नातं आहे, त्या अँग्लिकन. ऑगस्टिन नावाचे मठवासी ५९७ साली रोमहून इंग्लंडला आले, तेव्हापासून कँटरबरीच्या गादीची परंपरा मोजतात. १५३४ मध्ये इंग्लंडची मंडळी पोपच्या अधिकाराबाहेर पडली. व्यापार, सैन्य आणि मिशन यांच्याबरोबर ती जगभर गेली. आज या कुटुंबात ४२ स्वतंत्र मंडळ्या आहेत आणि त्यांचं काम १६५ हून अधिक देशांत चालतं.

आपल्याकडे हे नाव ऐकू येत नाही याचं कारण साधं आहे. इथले अँग्लिकन १९४७ आणि १९७० मध्ये इतर मंडळ्यांबरोबर एक झाले आणि त्यांनी जुनं नाव खाली ठेवलं. चर्च ऑफ साउथ इंडिया (सीएसआय) आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या दोन्ही मंडळ्या आज जागतिक अँग्लिकन कुटुंबाच्या पूर्ण सभासद आहेत.

२. शेजारचे म्हणतात, तुमची मंडळी एका राजाच्या घटस्फोटापायी जन्मली. काय उत्तर द्यायचं?

आठव्या हेन्रीच्या लग्नाच्या भानगडीवरून रोमशी संबंध तुटला हे खरं आहे, ते नाकारू नये. पण हेन्रीने शिकवण फारशी बदलली नाही. १५३९ मध्ये त्याने जो सहा कलमांचा कायदा केला, त्यात मिस्सा, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य आणि कानात केलेलं पापांगीकरण कायम होतं. शिकवणीतला बदल त्याच्या मुलाच्या आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात झाला. त्यामागे कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांच्यासारख्यांचा शास्त्राचा अभ्यास होता आणि त्यापायी क्रॅनमर १५५६ मध्ये जाळले गेले. ज्या शिकवणीसाठी माणसं जळाली, ती कुणाच्या घटस्फोटाच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही.

३. बेळगावात अँग्लिकन आहे तरी कोण? सीएसआय, सीएनआय, मेथडिस्ट, सगळं एकच का?

एकच नाही, पण गुंता सोडवता येतो.

बेळगावात प्रॉटेस्टंट काम १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी सुरू केलं. या सोसायटीचा कल बिशपशिवाय चालणाऱ्या काँग्रिगेशनल पद्धतीचा. १९०४ मध्ये तिने इथलं काम अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीच्या हाती दिलं. त्यामुळे बेळगाव आणि भोवतालच्या गावांत आजही बरीच प्रॉटेस्टंट घरं मेथडिस्ट आहेत. बेनन स्मिथ हायस्कूलमध्ये शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कॅम्पात मात्र छावणीतल्या इंग्रज सैनिकांसाठी अँग्लिकन उपासना चाले, सेंट मेरीजची दगडी इमारत त्याच काळातली.

आता नकाशा थोडा मोठा करा. खाली धारवाड, हुबळी, गदग हा बासेल मिशनचा मुलूख, आज तिथे सीएसआय आणि तिच्या उत्तर कर्नाटक डायोसिसची (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश म्हणजे डायोसिस) गादी धारवाडला. वर कोल्हापूर, सांगली, मिरज इथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केलं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल त्यांचंच. तिकडच्या मंडळ्यांतून सीएनआयचं कोल्हापूर डायोसिस झालं. म्हणून आपल्या भागातल्या एकाच घरात असं दिसतं की आजोळ कोल्हापूरचं सीएनआय, मावशी धारवाडला दिलेली ती सीएसआय, आणि आपण स्वतः मेथडिस्ट.

यांपैकी सीएसआय आणि सीएनआय जागतिक अँग्लिकन कुटुंबात आहेत. मेथडिस्ट चर्च इन इंडिया त्यात नाही. का नाही, आणि तरीही शिकवण इतकी जवळ कशी, ते प्रश्न ८ मध्ये आहे. आपली मंडळी कोणती हे माहीत नसेल, तर दारावरची पाटी आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचा शिक्का बघा.

४. एवढ्या मंडळ्यांना एकत्र बांधतं तरी काय? पोप नाहीत, एक घटना नाही, एक कायदा नाही.

या पानावरचा हा मुख्य प्रश्न आहे.

१८८६ मध्ये शिकागोला अमेरिकेतल्या अँग्लिकन बिशपांनी आणि १८८८ मध्ये लॅम्बेथ परिषदेने (जगभरच्या अँग्लिकन बिशपांची सभा) चार गोष्टी ठरवल्या. कुठल्याही मंडळीशी एक व्हायचं झालं तर या चारांखाली उतरायचं नाही आणि या चारांपेक्षा जास्त काही लादायचं नाही. पहिली, जुना आणि नवा करार: तारणाला लागणारं सर्व काही त्यात आहे. दुसरी, प्रेषितांचा आणि नायसीन हे दोन विश्वासांगीकार, म्हणजे विश्वास जाहीर करणारी जुनी ठरीव वचनं. तिसरी, ख्रिस्ताने स्वतः नेमलेले दोन विधी, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. चौथी, बिशपपदाची ऐतिहासिक परंपरा, जिचा कारभार त्या त्या देशाच्या गरजेप्रमाणे बदलता येईल.

यादी छोटी आहे, पण त्यामुळे ती सैल आहे असं समजू नका. नायसीन विश्वासांगीकारातली एकेक ओळ ठामपणे म्हणायची म्हणजे ख्रिस्त देव आहे, तो खरोखर मनुष्य झाला, मेला, पुन्हा उठला हे सगळं मान्य करणं आलं. तिथे पळवाट नाही. पळवाट नसलेल्या गोष्टी थोड्याच ठेवाव्यात आणि त्या घट्ट धराव्यात, हे शहाणपण मला या परंपरेत सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्या मंडळ्यांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या भांडणांतली किती भांडणं या चार गोष्टींवरून असतात, ते एकदा शांतपणे मोजून बघा.

या चारांखेरीज उपासनेचा साचाही सगळ्यांना जोडतो. क्रॅनमर यांचं प्रार्थना पुस्तक १५४९ मध्ये आलं, १६६२ ची आवृत्ती आजही प्रमाण धरतात. पापांगीकार, क्षमेची घोषणा, वचन, विश्वासांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना, भोजन हा क्रम नैरोबीत, सिडनीत आणि धारवाडला ओळखीचा वाटतो.

५. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे आपले पोप का?

नाही. ते इतर मंडळ्यांत बिशप नेमू शकत नाहीत, काढू शकत नाहीत, शिकवण बदलू शकत नाहीत. सीएसआयची सिनड (मंडळीची सर्वोच्च सभा) आपला मॉडरेटर, म्हणजे प्रमुख बिशप, स्वतः निवडते, सीएनआयचीही तसंच करते. लंडनहून कुणाची सही लागत नाही.

कँटरबरीचं स्थान मानाचं आहे, बरोबरीच्या बिशपांमध्ये पहिलं. त्यांच्याखेरीज एकीची आणखी तीन साधनं धरतात: लॅम्बेथ परिषद (१८६७ पासून), देशोदेशीच्या प्रमुख बिशपांची बैठक (१९७० च्या दशकाअखेरीपासून) आणि अँग्लिकन सल्लागार परिषद. या शेवटच्या परिषदेत पाळकांबरोबर साधे सभासदही बसतात. तिची पहिली बैठक १९७१ मध्ये केनियातल्या लिमुरू इथे झाली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या गादीसाठी सेरा मलाली यांचं नाव जाहीर झालं. या गादीवर निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यावरून उठलेल्या वादासाठी प्रश्न १४ आणि १५ पाहा.

६. लॅम्बेथ परिषदेत ठराव झाला की आमच्यावर बंधनकारक होतो का?

नाही. पहिल्या परिषदेपासून हे ठरलेलं आहे. नाताळ (दक्षिण आफ्रिकेतला प्रांत) इथले बिशप कोलेन्सो यांच्या शिकवणीवरून मोठं वादळ उठलं होतं, म्हणून १८६७ मध्ये ७६ बिशप लंडनला जमले. पण ही सभा कायदे करणार नाही, सल्ला देईल, या अटीवरच ते जमले. ठरावाला नैतिक वजन असतं. तो आपल्याकडे लागू करायचा की नाही हे आपली सिनड ठरवते. अँग्लिकनांच्या शिकवणीच्या जुन्या ३९ कलमांतलं एकविसावं कलम तर सरळ सांगतं की धर्मसभा चुकू शकतात आणि चुकल्याही आहेत.

७. सीएसआयमध्ये प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट सगळे आले. काहींना तर बिशप नकोच होते. मग शिकवण एक कशी झाली?

याची तयारी १९१९ पासून चालली होती. त्या वर्षी तमिळनाडूतल्या त्रांकेबार (तरंगंबाडी) इथे काही भारतीय पाळक आणि थोडे मिशनरी जमले आणि त्यांनी म्हटलं, पश्चिमेतली फूट आम्ही का वागवायची? त्यांच्यात व्ही. एस. अझरय्या होते, १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झालेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. त्यांनी सव्वीस वर्षं या कामाला दिली आणि १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं. मंडळी एक झाली २७ सप्टेंबर १९४७ ला, चेन्नईच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये. फाळणीने देश रक्तबंबाळ झाला होता, त्याच महिन्यात.

अडचण होती ती बिशपपदाची. अँग्लिकन म्हणत, ज्यांच्या डोक्यावर बिशपांनी हात ठेवले नाहीत त्यांनी प्रभुभोजन कसं द्यायचं? बाकीचे म्हणत, मग आजवर आम्ही जे केलं ते सगळं रद्द का? तोड अशी निघाली: आधीपासूनच्या सर्व पाळकांना आहे तसं मान्य करायचं, कुणालाही पुन्हा दीक्षा (हात ठेवून पाळक नेमण्याचा विधी) द्यायची नाही, पण आजपासून होणारी प्रत्येक नवी दीक्षा बिशपांच्या हातून होईल. कुठल्याही मंडळीवर तिच्या विवेकाला न पटणारा पाळक किंवा उपासनाविधी लादणार नाही, असं वचन दिलं गेलं. तीस वर्षांत दोन्ही पद्धती आपोआप एक होतील असा हिशेब होता. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतून आलेले लेस्ली न्यूबिगिन त्याच दिवशी बिशप झाले, हे या तोडीचं सगळ्यांत बोलकं उदाहरण.

याची किंमतही द्यावी लागली. चार अँग्लिकन डायोसिसं या एकीत गेली आणि त्यामुळे ती जागतिक अँग्लिकन कुटुंबातून बाहेर पडली. १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेत बिशपांचं या नव्या मंडळीबद्दल एकमत झालं नाही. १९५५ मध्ये इंग्लंडच्या मंडळीने मर्यादित सहभागिता मान्य केली आणि १९८० च्या दशकाअखेर सीएसआय आणि सीएनआयचे बिशप लॅम्बेथमध्ये पूर्ण सभासद म्हणून बसले. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी शेजारच्या ख्रिस्ती भावाशी एक होण्यासाठी दूरच्या कुटुंबाची नाराजी पत्करली, आणि चाळीस वर्षांनी त्या कुटुंबाने त्यांना पुन्हा जवळ केलं. हे आपल्या पोरांना रविवारच्या शाळेत सांगायला हवं.

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये झाली. तिथे सहा मंडळ्या होत्या, त्यांत बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही. तिथली तोड वेगळी होती: सुरुवातीलाच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले.

८. आम्ही मेथडिस्ट. आम्ही त्या एकीत का नाही? आणि आमची शिकवण वेगळी आहे का?

उत्तर भारतातल्या एकीच्या वाटाघाटींत आपल्याकडची, म्हणजे अमेरिकन परंपरेतली मेथडिस्ट मंडळी शेवटपर्यंत होती. १९७० मध्ये ऐन वेळी ती मागे फिरली. पुढे १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली.

शिकवणीचं म्हणाल, तर मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली मरेपर्यंत इंग्लंडच्या मंडळीचे पाळक होते. त्यांनी अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी अँग्लिकनांची ३९ कलमं छाटून २४ केली, तिकडे त्यात एक भर पडली, अशी २५ झाली. म्हणजे बेळगावच्या मेथडिस्टांची कलमं ही अँग्लिकन कलमांचीच आटोपशीर आवृत्ती आहे. फाटा फुटला तो बिशपपदावर. वेस्ली बिशप नव्हते, तरी १७८४ मध्ये त्यांनी अमेरिकेसाठी स्वतः दीक्षा दिली. अमेरिकन मेथडिस्टांचे बिशप त्या परंपरेतले, म्हणून प्रश्न ४ मधल्या चौथ्या मुद्द्यावर गाडी अडते. पहिल्या तीन मुद्द्यांवर आपल्यात आणि सीएसआय-सीएनआयमध्ये भांडायला जागा नाही.

९. ती ३९ कलमं आज कुणावर बंधनकारक आहेत?

इंग्लंडच्या मंडळीत पाळक दीक्षेच्या वेळी त्यांना मान देऊन घोषणा करतात. इतर देशांत वजन कमीजास्त. सीएसआय आणि सीएनआयचा पाया आपापल्या घटनेतला विश्वासविषयक भाग आहे, तिथे शास्त्र आणि दोन विश्वासांगीकार येतात. तरी कलमं वाचावीत असं मी आग्रहाने सांगेन. १५७१ मध्ये पक्की झालेली ही कलमं आपल्या गावच्या कितीतरी प्रश्नांना थेट भिडतात. पुढच्या उत्तरात आणि प्रश्न १६ मध्ये ते दिसेल.

१०. आमच्या मंडळीत कन्नड आणि मराठी उपासनेवरून दर वर्षी तणाव होतो. मंडळीच्या शिकवणीत याला काही उत्तर आहे का?

आहे, आणि स्पष्ट आहे. चोविसावं कलम म्हणतं की लोकांना न समजणाऱ्या भाषेत जाहीर प्रार्थना करणं किंवा विधी चालवणं हे देवाच्या वचनाविरुद्ध आहे. चौतिसावं म्हणतं की रीतीभाती सगळीकडे एकसारख्या असण्याची गरज नाही, देश, काळ आणि लोकांप्रमाणे त्या बदलू शकतात, फक्त देवाच्या वचनाविरुद्ध काही नसावं.

म्हणजे ज्या आजीला कन्नड येत नाही तिला मराठीत प्रार्थना मिळणं ही सवलत नाही, ती मंडळीची जबाबदारी आहे. आणि हेच तितक्याच जोराने उलटही खरं. निपाणीच्या पलीकडे जिथे कन्नड घरं आली आहेत, तिथे मराठी बहुसंख्यांनी त्यांच्यासाठी जागा केली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची सीमा आखली गेली. ती प्रभुभोजनाच्या मेजावरून आखू नये. कोर्टातला सीमावाद कोर्टात चालू दे. त्याबद्दल प्रत्येकाचं मत असेल आणि असावं, पण ते वेदीपाशी आणायचं नाही.

करता येण्याजोगं सांगायचं तर सणाच्या दिवशी, नाताळला आणि पुनरुत्थानदिनी, दोन्ही भाषांत एक उपासना ठेवा. एक पाठ मराठीत, एक कन्नडमध्ये. विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपल्या भाषेत, एकाच वेळी म्हणायची. पहिल्यांदा गोंगाट वाटतो. दोन-तीन वेळा झालं की लय जमते.

११. सीएसआयच्या उपासनेत मध्येच सगळे हात धरतात. ते काय असतं?

त्याला शांती देणं म्हणतात. पाळक वेदीपाशी शांतीचा आशीर्वाद देतात, मग तो हातोहात पुढे जातो. देणारा आपल्या दोन्ही हातांनी पुढच्याचे हात धरतो, मिनिटभरात बाकांच्या रांगांमधून शांती शेवटच्या माणसापर्यंत पोचते. नव्याने गेलात तर गोंधळू नका. हात जोडून उभे राहा, शेजारचा देईल ती घ्या आणि मागे वळून पुढच्याला द्या.

ही पद्धत केरळच्या जुन्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतून घेतली आणि सीएसआयच्या १९५० च्या प्रभुभोजन विधीत घातली. पुढे जगभरच्या अँग्लिकन आणि इतर मंडळ्यांनी आपापल्या उपासना नव्याने लिहिल्या, तेव्हा शांती देण्याची प्रथा त्यांत आली आणि त्यामागे या विधीचा मोठा वाटा होता. जागतिक एकीत आपण फक्त घेणारे आहोत अशी समजूत असेल, तर ती इथे सोडून द्यावी.

१२. मंडळी बदलली तर बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागतो का?

नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. मेथडिस्ट, कॅथलिक, सीएसआय, सीएनआय, कुठेही झालेला असो, दाखला दाखवा, पुरे.

पेच आहे तो सीएनआयमध्ये. तिथे बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स हेही आहेत, म्हणून अर्भकांचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य आहेत. आईवडील एक रीत निवडतात. पण तान्हेपणी झालेल्याला मोठेपणी पुन्हा हवा वाटला तर? वाटाघाटींत सगळ्यांत कठीण गेलेल्या मुद्द्यांपैकी हा एक होता. असं झालं तर परस्पर नदीवर जाऊ नका. पाळकांशी बोला, ते बिशपांपर्यंत नेतील. घटप्रभेच्या काठावर एखाद्या स्वतंत्र गटाकडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला की घरात किती कटुता येते, ते अनेक घरांनी भोगलं आहे.

१३. मुलगी बेळगावची मेथडिस्ट, मुलगा कोल्हापूरचा सीएनआय. काकू म्हणतात आधी मंडळी बदला. खरं का?

लग्नासाठी मंडळी बदलावी लागत नाही. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दोन्हीकडच्या पाळकांची पत्रं आणि दोन्ही मंडळ्यांत लग्नाची जाहीर घोषणा, एवढं पुरतं. नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होते, तो दोन्ही मंडळ्यांना सारखाच आहे. लग्नानंतर मुलगी सासरच्या मंडळीची सभासद व्हायची असेल तर बदलीचं पत्र घ्यावं. सीएनआयमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचनं मोठेपणी स्वतः पक्की करण्याचा विधी) बिशपांच्या हातून होतं, तेव्हा तिकडचे पाळक दृढीकरणाबद्दल विचारतील. ते आधीच बोलून घ्या, म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर चर्चा नको. काकूंना एवढंच सांगा की दोन्हीकडे विश्वासांगीकार तोच म्हणतात.

१४. ‘अँग्लिकन फुटले’ असं वाचलं. खरं काय आहे?

मोठी आणि खरी दरी पडली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

मूळ वाद शास्त्राचा अर्थ आणि लैंगिकता यांवरचा. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने बहुमताने सांगितलं की लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यात असतं आणि समलैंगिक संबंध शास्त्राशी जुळत नाहीत, त्याचबरोबर अशा भावंडांचं ऐकून घ्यावं, त्यांची पाळकीय काळजी घ्यावी. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मंडळीने न्यू हॅम्पशायरला जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं, ते उघडपणे समलैंगिक नात्यात होते. या वादावरच्या २००४ च्या विंडसर अहवालाने सर्वांनी थांबावं असं सुचवलं. मग सगळ्यांना बांधेल असा एक करारनामा तयार झाला, पण २०१२ मध्ये खुद्द इंग्लंडच्याच बहुसंख्य डायोसिसांनी तो नाकारला. दरम्यान २००८ मध्ये जेरुसलेमला परंपरागत शिकवण धरणाऱ्या अँग्लिकनांची गॅफकॉन ही चळवळ उभी राहिली, तिचं बळ नायजेरिया, युगांडा, रवांडा अशा मंडळ्यांत. २०२३ मध्ये इंग्लंडच्या सिनडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट दिली, तेव्हा आफ्रिका, आशिया अशा ‘ग्लोबल साउथ’ भागांतल्या अनेक प्रमुख बिशपांनी कँटरबरीचं नेतृत्व यापुढे मानत नाही असं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गॅफकॉनने एकीची चारही साधनं (प्रश्न ५) नाकारली आणि खरं अँग्लिकन कुटुंब आपणच असं म्हटलं.

दुसरीकडे, २०२४ अखेर मांडलेल्या नैरोबी-कैरो प्रस्तावांत कँटरबरीवरचा भार हलका करून अध्यक्षपद वेगवेगळ्या भागांत फिरवावं असं सुचवलं आहे. मला ही दिशा बरी वाटते. आज अँग्लिकनांची सर्वाधिक वस्ती आफ्रिकेत आहे, आणि बैठकीचं सूत्र मात्र एका इंग्लिश गादीकडे राहावं याला शिकवणीचा आधार नाही, फक्त इतिहासाचा आहे.

वाद चालू असला तरी दोन्ही बाजू नायसीन विश्वासांगीकारच म्हणतात. गॅफकॉनचं म्हणणं असं की शास्त्राचा अधिकार प्रत्यक्षात सुटला तर तोंडाने विश्वासांगीकार म्हणून काय उपयोग. तो प्रश्न हलका नाही, आणि तो विचारणाऱ्यांना मागासलेले म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे. आपल्याच मंडळीत असं काही सोसणाऱ्या पोराला किंवा पोरीला घराबाहेर काढणं, हेही तितकंच चुकीचं.

१५. स्त्रिया पाळक आणि बिशप होऊ शकतात का? यावर तरी एकमत आहे का?

एकमत नाही, पण आपल्याकडे उत्तर होकारार्थी आहे. युद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, हाँगकाँगचे बिशप हॉल यांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली, त्या पहिल्या. सीएसआयमध्ये १९७० च्या दशकात स्त्रियांना दीक्षा मिळू लागली, म्हणजे इंग्लंडच्या (१९९४) बऱ्याच आधी. २०१३ मध्ये नंद्यालच्या डायोसिसमध्ये एग्गोनी पुष्पललिता सीएसआयच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. इंग्लंडला पहिली स्त्री बिशप मिळायला २०१५ उजाडलं. काही मंडळ्या आजही हे मानत नाहीत आणि तरीही कुटुंबात आहेत.

१६. आमच्याकडे जागेवरून कोर्टकचेऱ्या चालल्यात. पाळकांवरही आरोप आहेत. त्यांच्या हातचं प्रभुभोजन घ्यावं का?

सव्विसावं कलम नेमकं याच प्रश्नाचं आहे. पाळक अयोग्य असला तरी विधीचं फळ त्यामुळे नाहीसं होत नाही, कारण तो स्वतःच्या नव्हे तर ख्रिस्ताच्या नावाने देतो. तेव्हा भोजन सोडू नका. पण त्याच कलमाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे कुणी वाचून दाखवत नाही: अशा पाळकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना काढावं. मेज सोडायचं नाही आणि चौकशीची मागणीही सोडायची नाही.

जागेचं म्हणाल, तर शिकवण एक झाली म्हणून मालमत्ता आपोआप एक होत नाही. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की विलीनीकरणाच्या नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही. म्हणून तुमच्या मंडळीचे जुने ट्रस्टचे कागद आणि उतारे कुठे आहेत ते आजच शोधा. सीमाभागात काही नोंदी जुन्या मुंबई राज्याच्या काळातल्या आहेत, त्या हाती लागायला वेळ लागतो.

१७. कॅथलिक शेजाऱ्यांच्या मिस्सेत आम्ही प्रभुभोजन घेऊ शकतो का?

त्यांच्या नियमाने साधारणपणे नाही, आणि त्या नियमाचा मान राखावा. पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवल्या, तो निर्णय अजून तसाच आहे. १९७० पासून दोन्हीकडचे विद्वान बोलत आहेत आणि प्रभुभोजनासारख्या विषयावर बरंच जवळ आले आहेत, पण मेज एक झालेलं नाही. बेळगावचं कॅथलिक डायोसिस १९५३ पासून आहे, शेजार जुना आहे. प्रार्थनेला बसा, गाणी गा, अंत्यविधीला खांदा द्या. आपल्याकडे ते आले, तर सीएसआय आणि सीएनआयमध्ये आपापल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या इतर ख्रिस्ती जनांचं साधारणपणे स्वागत असतं. मेथडिस्टांचं मेजही खुलं असतं. केरळच्या मार थोमा मंडळीशी मात्र सीएसआय आणि सीएनआयची पूर्ण सहभागिता आहे, १९७८ पासून तिघींची संयुक्त परिषदही आहे.

१८. एक गट ‘अँग्लिकन’ नाव लावून गावात आला आहे. बिशपांचा झगा, अंगठी सगळं आहे. आम्ही सामील व्हावं का?

भारतात जागतिक अँग्लिकन कुटुंबाच्या सभासद मंडळ्या दोनच, सीएसआय आणि सीएनआय. नावात अँग्लिकन असलेले इतर गट आहेत. काही १९४७ आणि १९७० ची एकी न पटल्याने वेगळे राहिलेल्यांचा वारसा सांगतात, त्यांच्यात मनापासून भक्ती करणारी माणसंही असतील. पण ते त्या ४२ मध्ये नाहीत. तीन गोष्टी विचारा: तुमच्या बिशपांना दीक्षा कुणी दिली, तुम्ही कोणत्या सिनडला हिशेब देता, आणि आमच्या मंडळीची जागा कुणाच्या नावावर करायची म्हणता. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या डायोसिस कार्यालयात जाऊन विचारून या.